महागड्या म्युनिकमधलं स्वस्त म्युनिक

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा काढताना एका खास खात्यात वर्षभराचे पैसे आधीच भरून ठेवावे लागतात. आपली मुलं त्याला ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात. सध्या ही रक्कम ११,९०४ युरो आहे, आणि इथे पोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. एवढ्यात विद्यार्थ्याचं भागतं, असं सरकारचं म्हणणं. पण हा आकडा अख्ख्या देशासाठी एकच आहे. लाइपझिगसारख्या शहरात तो ओढूनताणून पुरेलही. म्युनिकमध्ये चार जणांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीचंच भाडं साधारण ८०० युरो पडतं. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याचा आरोग्य विमा, जो सक्तीचा आहे, त्याचे १४० च्या वर. आता पन्नासेक युरो उरले, आणि अजून तुम्ही जेवलेला नाहीत.

घरून फोन आला की आई हमखास म्हणते, “पोटाला चिमटा काढू नकोस गं.” तिला वाटतं मी खाण्यात कंजुषी करत असणार. खरं सांगायचं तर इथे खाण्यात कंजुषी करून फारसं काही हाती लागत नाही. महिन्याचा हिशेब जमणार की कोलमडणार, हे भाडेकरारावर सही करता त्या दिवशीच ठरून जातं. म्हणून यंदा येणाऱ्या ज्या मुलामुलींचे मला मेसेज येतात, त्यांना मी डाळ-तांदळाच्या भावाआधी खोलीबद्दल सांगते.

खोलीचे मुख्य मार्ग दोन. पहिला श्टुडिएरेन्डेनवेर्कचा. विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि कँटीन चालवणारी ही सार्वजनिक संस्था. तिथे तीन-चारशे युरोंत खोली मिळते, पण रांग इतकी लांब की काहींचा नंबर लागेपर्यंत त्यांची पदवी होऊन जाते. तरीही प्रवेश नक्की झाला की त्याच दिवशी अर्ज टाकावा. १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळी महिला खेळाडूंची वस्ती जिथे होती, तिथे आज विद्यार्थ्यांचे चिमुकले बंगले आहेत. एकेक बंगला जेमतेम १९ चौरस मीटरचा, आणि राहणारे दारं-भिंती हवे तसे रंगवतात. तिथे जागा मिळालेल्या मित्राकडे आम्ही सगळे जरा जळूनच बघतो.

दुसरा मार्ग वेगे, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून चालवलेला फ्लॅट. त्यातली एक खोली रिकामी झाली की उरलेले लोक नवा माणूस निवडतात. तुम्हाला बोलावतात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवतात आणि विचारतात: सकाळी किती वाजता उठतेस, साफसफाईच्या पाळ्या पाळशील ना, एकत्र जेवायला आवडतं का, गिटार वगैरे वाजवतेस का? कांदेपोह्यांचा कार्यक्रमच, फक्त पोहे नसतात. मागाहून नकार असला तर तो बहुतेकदा कुणी कळवतही नाही. नुसती शांतता असते. एका खोलीसाठी ढिगाने अर्ज येतात, त्यामुळे ते मनाला लावून घेण्यात अर्थ नाही.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. “मी सध्या परदेशी आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल” असं म्हणणारा मालक हा मालक नसतो. आणि जाहिरातीतला आकडा ‘काल्ट’ आहे की ‘वार्म’, हे आधी विचारा. काल्ट म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममध्ये हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं असतं. दोन्हींतला फरक शंभर-दीडशेच्या घरातही जाऊ शकतो. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, असा कायदाच आहे. अख्खा फ्लॅट मिळून घेणार असाल तर स्वयंपाकघर आत आहे का तेही बघा. हसू नका. इथे जुना भाडेकरू ओटा, कपाटं, शेगडी सगळं उचकटून घेऊन जाऊ शकतो, नाहीतर तेच तुम्हाला विकू शकतो.

बाकीचे ठरलेले खर्च झटपट सांगते. घरात टीव्ही असो वा नसो, रेडिओ-टीव्हीची सरकारमान्य वर्गणी दर घरामागे महिना १८.३६ युरो. चौघांत वाटली तर माणशी ४.५९, पण वसतिगृहात सामाईक पॅसेजमध्ये उघडणारी स्वतंत्र खोली असेल तर ती वेगळं घर धरली जाते आणि पूर्ण रक्कम एकट्याच्या डोक्यावर बसते. पत्ता नोंदवला की त्यांचं पत्र आपोआप येतं, घाबरू नका. दुसरा खर्च माझ्या मते वाचवू नये असा: दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, महिन्याला काही युरोंचा. मोठ्या इमारतीत एकच किल्ली मुख्य दाराला आणि घराला चालते. ती हरवली तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते, आणि ते बिल हजारांत असतं. विमा घेताना मात्र किल्ल्या त्यात येतात का, हे बघूनच घ्या.

मग पैसा आणायचा कुठून? मार्च २०२४ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली सहायकाचं काम मिळालं तर ते दिवस या मर्यादेत धरलेच जात नाहीत. याला सगळे ‘हिवी’ म्हणतात. २०२५ मध्ये किमान वेतन ताशी १२.८२ युरो होतं, आणि ‘मिनीजॉब’ची, म्हणजे कमी कमाईच्या छोट्या नोकरीची, मर्यादा महिन्याला ५५६. कॅफेत नोकरी पटकन मिळते, हिवीला वेळ लागतो. पण परीक्षेच्या आठवड्यात प्राध्यापक समजून घेतात, कॅफेचा मॅनेजर घेईलच असं नाही. जर्मन येत नसेल तर दोन्हीकडे दारं अर्धीच उघडतात, तेव्हा येण्याआधी थोडी भाषा शिका. माझ्या मते हीच सगळ्यात फायद्याची गुंतवणूक.

इतकं ऐकून कुणी विचारेल, मग अशा शहरात राहायचंच कशाला? फीमुळे नाही, हे आधीच सांगते. आमच्या लुडविग मॅक्सिमिलियान विद्यापीठात अजून शिकवणी फी नाही, पण शेजारच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो. खरं कारण वेगळं आहे, आणि ते कळायला मला बराच काळ लागला. या शहरात जे एकट्याचं आहे ते महाग, आणि जे सगळ्यांचं आहे ते स्वस्त. खोली, न्हाव्याकडे केस कापणं, हॉटेलात जेवणं, चष्मा: खिसा रिकामा. पण नदी, ग्रंथालय, रेल्वे, संग्रहालय, बागा यांच्याकडे वळलात की तोच खिसा अचानक पुरायला लागतो.

प्रवासाचंच बघा. देशभर लोकल, बस, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारं ‘डॉइचलांडटिकेट’ मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं. बवेरियातल्या, म्हणजे म्युनिकच्या राज्यातल्या, विद्यार्थ्यांना तेच त्या वर्षी ३८ मध्ये मिळायचं. वेगवान गाड्या त्यात येत नाहीत, पण सकाळी डबा घेऊन निघालं तर गार्मिशला आल्प्सच्या पायथ्याशी जाऊन संध्याकाळी घरी. सीमेपलीकडच्या साल्झबुर्ग स्टेशनापर्यंतसुद्धा हेच तिकीट चालतं. वर एक पैसा नाही. तिकिटाशिवाय पकडले गेलात तर ६० युरो दंड, तेव्हा फोनची बॅटरी संपू देऊ नका. तिकीट त्यातच असतं.

रविवारी अनेक सरकारी संग्रहालयांत एक युरो प्रवेश. त्यातल्या अल्टे पिनाकोथेकमध्ये जर्मन चित्रकार ड्यूररने १५०० साली काढलेलं स्वतःचं चित्र आहे, ते मी एवढ्या वेळा बघितलंय की तो आता ओळखीचा वाटतो. हिवाळ्यात खोलीतलं हीटिंग बेताने लावून मी बवेरियन राज्य ग्रंथालयात जाऊन बसते. वाचनाचं कार्ड फुकट, खुर्ची उबदार, आणि आजूबाजूला सगळे इतके मन लावून अभ्यास करत असतात की आपल्यालाही करावा लागतो.

आता खाण्याबद्दल, कारण त्याशिवाय कुणी सोडणार नाही. दुपारचं जेवण विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, म्हणजे मेन्झात. विद्यार्थ्यांचा दर वेगळा आणि बरेच पदार्थ वजनावर, त्यामुळे ताटात काय वाढून घेताय त्याकडे लक्ष हवं. बटाटा जड, सॅलड हलकं. शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही, पण मिरचीची आशा ठेवू नका. माझ्या बॅगेत चटणीची छोटी डबी असते आणि तिला आता जर्मन गिऱ्हाईकंही आहेत.

किराणा आल्डी, लिडल, पेनीसारख्या दुकानांत. शेल्फवरच्या चिठ्ठीवर मोठ्या किमतीखाली किलोचा किंवा लिटरचा भाव बारीक अक्षरांत छापणं इथे बंधनकारक आहे. तोच वाचायचा. ऑफरचं मोठं पाकीट किलोमागे महाग निघालेलं मी अनेकदा पाहिलंय. बेकरीत कालचा पाव बराच स्वस्त मिळतो, आणि जर्मन पाव दुसऱ्या दिवशीही काही बिघडलेला नसतो. पोळ्यांना इथलं १०५० नंबरचं गव्हाचं पीठ चालतं. भारतीय दुकानात मी फक्त तूरडाळ, हिंग, गूळ असल्या गोष्टींसाठी जाते. मसूर, छोले, कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या यासाठी मुख्य स्टेशनाजवळच्या गोएथेश्ट्रासेवरची तुर्की आणि अरब दुकानं बरी. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते: क्वार्क, म्हणजे चक्क्यासारखं दिसणारं मऊ ताजं चीज. अर्धा किलोचा डबा दीड युरोच्या आत येतो. फडक्यात थोडा वेळ टांगून साखर-वेलची घोटली की श्रीखंड तयार. पाडव्याला आमच्या वेगेत सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या होत्या.

दुकानं रात्री आठला बंद, रविवारी तर उघडतच नाहीत. रविवारी चालू असतात ती स्टेशनातली नाहीतर पेट्रोल पंपावरची, आणि पंपावर दूध घेणं म्हणजे आळसाचा दंड भरणं. शनिवारी संध्याकाळी म्हणूनच सगळं शहर हातात पिशव्या घेऊन धावत असतं.

बाहेर खायला गेलं तर वेटर विचारतो, एकत्र की वेगवेगळं? मग प्रत्येक जण आपापलं मोजतो, अगदी प्रेमात असलेली जोडपीसुद्धा. बिलावरून होणारी आपली ती लुटुपुटूची ओढाताण इथे नाही. सुरुवातीला कोरडं वाटलं. आता वाटतं, विद्यार्थ्यांसाठी यासारखी सोय नाही: मी फक्त सूप घेतलं तर कुणी भुवया उंचावत नाही, आणि कुणाची सरबराई करायचं ओझंही नाही. बिअर गार्डनमध्ये तर त्याहून सोपं. पारंपरिक बिअर गार्डनमधल्या बिनटेबलक्लॉथच्या बाकांवर आपलं जेवण आपण आणायची मुभा असते, फक्त पेय त्यांच्याकडून घ्यायचं. इंग्लिश गार्डन नावाच्या मोठ्या बागेत चिनी मनोऱ्याशेजारी थालीपिठाचा डबा उघडून बसलं तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेची गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये तिथे लिटरभर बिअर १४.५० ते १५.८० युरो होती. एकदा जावं, पोटभर जेवून जावं.

बाटल्यांचे पैसेही सांगायला हवेत. प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८. दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की पावती मिळते. उन्हाळ्यात इझार नदीकाठी संध्याकाळी फिरताना लोक रिकाम्या बाटल्या कचराकुंडीत न टाकता शेजारी उभ्या करून ठेवतात, कारण त्या गोळा करून गुजराण करणारे आहेत, त्यात पेन्शन अपुरी पडणारे म्हातारेही. आमच्या पार्टीच्या बाटल्या आम्ही नेतो. नदीकाठच्या मी उचलत नाही.

भांडीकुंडी, दिवा, खुर्ची यासाठी पाझिंगला महापालिकेच्या कचरा विभागाचं ‘हाले २’ आहे. लोकांनी टाकून दिलेलं पण धडधाकट सामान तिथे स्वस्तात विकतात. माझं टेबल तिथलं. रस्त्याकडेला ‘घेऊन जा’ अशी चिठ्ठी लावलेली खोकी असतात, त्यातून मला एक कढई मिळाली आहे, जाड बुडाची.

राहिला प्रश्न रुपयांचा. येणाऱ्याला सगळे सांगतात, युरोचे रुपये करू नकोस, वेड लागेल. मी करते. शैक्षणिक कर्ज रुपयांत आहे, हप्ता रुपयांत जाणार आहे, मग हिशेब दुसऱ्या कशात करू? सध्या एक युरो शंभराच्या आसपास असल्याने दोन शून्यं वाढवली की झालं. फक्त जे टाळताच येत नाही, भाडं किंवा विमा, त्याचे रुपये करत नाही. बाबांनाही करू देत नाही; त्यांना त्या रात्री झोप येत नाही. बुटांचे करते, कॉफीचे करते, आणि निम्म्या वेळा तरीही घेते.

यंदा येणाऱ्यांनी सामानात चष्म्याची जादा जोडी टाका, मोठ्या माणसांचा चष्मा इथल्या विम्यात सहसा बसत नाही. दातांची कामं उरकून या. जाडजूड जाकीट तिथून घेऊ नका, इथे जुन्या बाजारात चांगलं मिळेल. छोटा कुकर जरूर आणा, पण शेगडी कसली आहे ते विचारून, कारण इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. आणि पहिली शिट्टी व्हायच्या आधी घरातल्यांना सांगून ठेवा की काही फुटलेलं नाही, डाळ शिजतेय.