तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रंच कशाला?

मी मुलांचे गटात खेळ घेते आणि नंतर त्यावर बोलतं करते. खेळ संपला की मी जमिनीवर चित्रं पसरते, प्रत्येकाने एक उचलून त्याआधारे बोलायचं. तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, "ही काय बालवाडी आहे? सरळ विचारा की, कसं वाटलं!"

विचारून बघा. सोळा-सतरा वर्षांची मुलं गोलात बसतात. पहिला म्हणतो "मस्त", दुसरा "टीमवर्क शिकलो", पुढचे सगळे त्याचीच री ओढतात. खोटं बोलत नाहीत हो, ताईंना काय ऐकायचंय ते त्यांना पाठ असतं. अमेरिकन शिक्षक टेरी बॉर्टनचे अनुभवावर विचार करायला लावणारे तीन प्रश्न (काय झालं, मग त्याचं काय, आता पुढे काय) १९७० पासून वापरात आहेत, मीही वापरते. पण 'काय झालं' विचारलं तरी मुलं थेट तात्पर्यावरच उडी मारतात.

चित्रांनी हे आपोआप सुटतं असं मात्र नाही. उगवता सूर्य, हातात हात, शिखरावरचा गिर्यारोहक ठेवलात तर उत्तरंही पोस्टरवरचीच येतील. मी अर्धवट उघडं दार, गुंतलेली दोरी, एकटाच पडलेला बूट असलं काहीबाही ठेवते. त्यावर अक्षर नको. मुलांच्या दुपटीहून जास्त चित्रं हवीत, म्हणजे शेवटी उठणाऱ्यालाही निवडायला काही उरतं. आधी चित्रात काय दिसतं ते सांगायचं, मग ते का उचललं ते. नको असेल तर 'पास'.

एकदा फळ्यांवरून 'नदी' ओलांडायचा खेळ होता. गट वेळेत पोचला, आरडाओरडा झाला. मग एका मुलीने भिंतीला टेकवलेल्या शिडीचा फोटो उचलला. म्हणाली, "वर चढणारा दिसतोय. खाली शिडी कुणी धरलीये, ते फोटोत नाही." शेवटची फळी तिनेच दाबून धरली होती. सगळे पलीकडे गेले, ओरडले आणि तिला बोलवायचं राहून गेलं. ते बहुतेकांच्या तेव्हाच लक्षात आलं. एक मुलगा हसत म्हणाला, "चित्राचं काय, काहीही म्हणता येतं." तिने फोटो उपडा ठेवला. "मी चित्राबद्दलच बोलत होते," म्हणाली. पुढे एक शब्द नाही.

तो मुलगा चूक होता का? चित्राचं खरंच काहीही म्हणता येतं. म्हणून तर तिला बोलता आलं आणि म्हणूनच त्याला ते उडवून लावता आलं. चित्र म्हणजे आडोसा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. त्या दिवशी आडोसा कुणाला मिळाला, तिला की त्यांना?

सहकारी म्हणतात, तू तिथल्या तिथे 'फळी कुणी धरली होती?' असं विचारायला हवं होतंस. मी म्हणते, तिने जे फोटोआडून सांगितलं ते मी तिच्या नावावर टाकणारी कोण? ते म्हणतात, मग त्या गटाला काय कळलं? यावर आमचं अजून वाजतं. पुढच्या गटासमोरही मी चित्रंच पसरणार आहे, तेव्हा पुन्हा विचारलंत तर हेच ऐकावं लागेल.