तुणतुण्याची वही, आठवा महिना: तोंड उघडलं की हात थांबतो

शनिवारी चारचौघांत वाजवलं एकदाचं. आमच्या कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या माडीवर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी खुली बैठक असते. आल्याबरोबर वहीत नाव लिहायचं, प्रत्येकाला दहा मिनिटं. या वेळी अकरा नावं होती: भेदिक, म्हणजे कोड्यातली गाणी, म्हणणारे दोघं, धनगरी ओव्यांची एक जोडी, हलगी घेऊन आलेली कॉलेजची पोरं, बाकी भजनं. आम्ही सातवे. डफ आणि पोवाडा अण्णांचा, झांजेला त्यांचा पुतण्या, आणि तुणतुणं घेऊन झील धरायला, म्हणजे कडव्याच्या शेवटी मागून साथीला गायला, मी.

मागच्या महिन्यात लिहिलं होतं की ठेका आता हलत नाही. घरी खरंच हलत नव्हता, कारण घरी मी गातच नव्हतो! कडव्याच्या शेवटी 'जी जी रं जी' म्हणायला तोंड उघडलं की तार छेडणाऱ्या काडीचा हात शब्दांमागं धावतो, नाहीतर सरळ थांबतो. तीन आठवडे एवढ्यावरच गेले. उपाय सापडला तो असा: काडी चालू ठेवायची आणि तोंडानं नुसतं बोलायचं, पेपर वाचल्यासारखं. सूर नाही, चाल नाही. हात ढळेनासा झाला की त्याच बोलण्याला सूर लावायचा. आधी गाऊन मग हात बसवायला गेलो तर मला कधीच जमलं नाही. झील धरणाऱ्या सुरत्यांना लोक साथीदार म्हणून मोजतसुद्धा नाहीत. न मोजणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

अण्णांनी काढला अज्ञानदासाचा पोवाडा, 1659 च्या प्रतापगडाच्या प्रसंगावरचा. त्यातली निम्मी भाषा मला कळत नाही. म्हणजे झील कुठं येणार हे अर्थावरून ओळखायची सोयच नाही, सगळी भिस्त डफाच्या थापेवर. दोन वेळा बरोबर आलो, तिसऱ्यांदा अर्धी मात्रा आधी. मधल्या गद्यात तुणतुणं हळू चालू ठेवायचं असतं. तिथून अण्णा चालीवर परत येताना लय चढवतात, तिथं मी मागं पडलो. पुतण्यानं झांज जरा जोरात मारून सावरून घेतलं.

आता खरं दुखणं. बाहेर पाऊस धो धो. तुणतुण्याची तार खालच्या कातड्यातूनच वर खुंटीला जाते, त्यामुळं कातडं दमटलं की तार सैल पडते आणि सूर उतरतो. घरून पेटीच्या काळी चार पट्टीला लावून आणलेलं, आमची पाळी येईपर्यंत पुरती एक पट्टी खाली! खुंटी पिळत बसलो तर ती सरकायला लागली. शेवटी हलगीवाल्या पोरांनी दाखवलं: ते चहाच्या स्टोव्हवर हलगी शेकत होते. मीही लांबूनच धरलं. कातडं तापून सूर चढला, अंमळ जास्तच. तसाच बसलो, आणि चौथ्या कडव्याला तो आपोआप अण्णांच्या सुरात उतरला. पुढं अजून उतरला, ते सोडा.

खुंटीला खडू लावून बघणार आहे. गद्यानंतरची उचल रोज वीस वेळा. आणि पुढच्या वेळी नाव चहा झाल्यावरच्या पाळीला लिहायचं, तेव्हा स्टोव्ह मोकळा असतो.