आईसाठी थांबून राहणारी पायरी

आमची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, फियाट ड्युकाटोवर बांधलेली आहे. बांधणी जर्मनीतली, आणि आम्ही ती इंग्लंडमध्ये सेकंडहँड घेतली. मधल्या सरकत्या दाराखाली विजेवर चालणारी पायरी आहे. दार उघडलं की पायरी बाहेर येते, लावलं की आत जाते. ड्युकाटोचा आतला तळ जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच असतो, त्यामुळे पायरी लागतेच. अडचण एवढीच होती की तिला दाराशिवाय दुसरं काही कळत नव्हतं. गाडी कुठे उभी आहे, बाहेर कोण उभं आहे, रात्रीचे किती वाजलेत, याच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं.

या व्हॅनचं सरकतं दार उजव्या बाजूला आहे. जर्मनीत ते बरोबर आहे, तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला लागते आणि दार फुटपाथकडे उघडतं. इंग्लंडमध्ये रहदारी आपल्यासारखी डावीकडून. कडेला गाडी लावली की दार थेट वाहत्या रस्त्यावर उघडतं आणि त्याबरोबर लोखंडी पायरीही रस्त्यात सरकते, नेमकी सायकलवाल्यांच्या वाटेत. इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रहदारीच्या नियमपुस्तकात, जानेवारी २०२२ पासून सांगितलंय की गाडीचं दार शक्य तिथे लांबच्या हातानं उघडावं, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. आम्ही ते कटाक्षानं पाळतो. पण माणूस वळून बघतो, पायरी बघत नाही. फ्रान्सला बोटीनं गेलो की उलटी तऱ्हा. तिथे दार फुटपाथकडे येतं, आणि कडेचा दगड उंच असला तर पायरी त्याला जाऊन भिडते आणि मोटर कण्हत राहते.

तरीही हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पायरीला वेगळा स्विच बसवायचं मनावर घेतलं ते आईमुळे.

आई-बाबा उन्हाळ्यात सांगलीहून आमच्याकडे येतात. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. ती व्हॅनमधून उतरते ती पाठमोरी, शिडीवरून उतरावं तशी. उजव्या हातात दाराजवळचा दांडा, आधी एक पाय पायरीवर, मग दुसरा तिथेच, आणि मग जमीन. एकदा खाली आली की तिला बाहेर बसायला आवडतं. पण स्कॉटलंडच्या पश्चिमेकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी मिजेस नावाची बारकी चावरी चिलटं ढगानं येतात, दार मिनिटभरही उघडं ठेवता येत नाही. म्हणून आतलं कोणीतरी लगेच दार लोटतं. पायरी आत. आता आईला परत वर यायचं आहे. दाराची मूठ धरायला तिला दाराजवळ उभं राहावंच लागतं, आणि दार सरकवलं की पायरी बाहेर येते ती तिच्या नडगीच्या दिशेनं. ती घाईनं मागे सरकते. नवे गुडघे असलेल्या बाईनं ओल्या गवतावर घाईनं मागे सरकणं मला पाहवत नव्हतं. तिकडच्याच ग्लेन कोजवळच्या मुक्कामात तिनं रात्रीचं पाणी पिणं बंद केलं, का तर मध्ये उठायला नको, सगळ्यांची झोप नको मोडायला. रात्रीच्या शांततेत त्या पायरीचा ‘घर्रर्र-ठक’ सगळ्या व्हॅनला जाणवतो, हे खरंच आहे. पण औषधं चालू असलेल्या माणसानं पायरीपायी पाणी सोडायचं, हे मला मुळीच पटलं नाही.

मुक्काम असेल तेव्हा पायरी बाहेरच राहिली पाहिजे, रस्त्याच्या कडेला आतच, आणि एरवी दारासोबत. तीन अवस्था हव्या होत्या, आणि त्या ठरवायचा हक्क माणसाचा.

सर्वांत सोपा उपाय बरेच जण करतात तो म्हणजे पायरीच्या मेन वायरीत एक स्विच टाकायचा. पायरी बाहेर आली की स्विच बंद, पायरी जागच्या जागी. मी बाबांना हे सांगितलं. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये, इलेक्ट्रिकल विभागात गेली. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

“मेन तोडू नकोस गं. पायरी बाहेर आहे, मेन बंद आहे आणि तशीच गाडी निघाली, तर तिला आत घेणार कोण? बझर तरी वाजेल का?”

पायरी बाहेर राहिल्याचा इशारा देणारा बझरही त्याच फ्यूजवर होता. म्हणजे तोही गप्प.

“ताकद तोडायची नाही,” बाबा म्हणाले. “तिला निरोप कुठून जातो ते शोध. निरोपाच्या वायरीत काय करायचं ते कर.”

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे. पायरी सरकताना मोटर चार-पाच अँपिअर घेते आणि कुठे अडली तर त्याच्या कितीतरी पट. तेवढा करंट दारापाशी आणून स्विचमधून न्यायचा म्हणजे जाड वायर, दणकट स्विच आणि प्रत्येक जोडाला तापायची संधी. निरोपाच्या वायरीतून मात्र जेमतेम काही मिलिअँपिअर जातात. तिथे साधा स्विच आणि पाऊण चौरस मिलिमीटरची वायर भरपूर झाली.

ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली पायरीचा कंट्रोल बॉक्स आहे. हात घालण्याआधी सोलर पॅनेलची जोडणी सोडवली, मग व्हॅनच्या राहत्या भागाला वीज देणाऱ्या बॅटरीची निगेटिव्ह काढली. क्रम हाच ठेवायचा, कारण बॅटरी आधी काढली तर पॅनेलचा दाब एकट्या चार्ज कंट्रोलरवर येतो. सीटखाली पिवळे कनेक्टरही असतात, ते एअरबॅगचे आणि बेल्टचे. त्यांना हात लावायचा नाही आणि मीटरही लावायचा नाही. वायरी मोकळ्या करून झाल्यावर मोजण्यापुरती बॅटरी परत जोडली.

बाबांनी बॅगेतून टेस्ट लॅम्प काढला. सांगलीहून येताना आणला होता. मी म्हटलं, “बाबा, इथे तो नको. आत इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे, बल्बचा करंट त्याला झेपायचा नाही.” त्यांनी मान डोलावली आणि मल्टिमीटर मागितला.

बॉक्सला बॅटरीची कायमची वायर येते, बॉडी अर्थ येतो, मोटरकडे दोन वायरी जातात. त्यांची प्लस-मायनस उलटवली की मोटर उलटी फिरते आणि पायरी आत किंवा बाहेर जाते. इंजिन चालू असल्याचा निरोप डी प्लस वायरीवर येतो आणि तो आला की पायरी आतच ओढली जाते. उरली दाराची वायर. दारावर चुंबक आणि चौकटीत रीड स्विच. दार लागलं की चुंबक समोर येतो, स्विच जुळतो आणि ती वायर अर्थला मिळते. मीटरवर स्पष्ट दिसलं, दार उघडं असताना जवळपास बॅटरीइतकाच व्होल्टेज, दार लागताच शून्य. म्हणजे वायर मोकळी असेल तर बॉक्सला वाटतं दार उघडं आहे, अर्थ मिळाला तर वाटतं दार बंद आहे.

एवढं कळल्यावर स्विच आपोआप ठरला. मधली जागा ‘ऑफ’ असलेला तीन जागांचा एकेरी स्विच. त्याचा मधला पाय बॉक्सच्या दाराच्या वायरीला. एका बाजूचा पाय रीड स्विचला, तिथे पायरी पूर्वीसारखी दाराप्रमाणे चालते. दुसऱ्या बाजूचा पाय थेट अर्थला, तिथे दार कितीही उघडा, पायरी आतच. आणि मध्ये काहीच जोडलेलं नाही, वायर मोकळी, म्हणजे पायरी बाहेर येते आणि बाहेरच राहते.

इथवर आल्यावर मला ट्रॅफिक सिग्नल आठवला. आमच्या ड्युकाटोला स्टार्ट-स्टॉप आहे, सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं. काही गाड्यांत तेवढ्या वेळातही डी प्लस टिकवून धरलेला असतो. आमच्यात मोजून पाहिलं तर इंजिन थांबताच तो जात होता. आता समजा स्विच चुकून ‘बाहेर’वर राहिला, गाडी चालू झाली, पायरी आत गेली आणि लाल दिव्याला इंजिन थांबलं. त्या क्षणी भर चौकात पायरी बाहेर येईल, शेजारी उभ्या असलेल्या सायकलच्या चाकात. हे समजल्यावर नुसता स्विच बसवून मोकळं व्हायचा प्रश्नच नव्हता.

सिग्नलला इंजिन असं थांबलं तरी इग्निशन, म्हणजे किल्लीनं सुरू होणारी वीज, चालूच असतं. म्हणून निर्णय इग्निशनकडे द्यायचा ठरवलं आणि मध्ये एक साधा पाच पायांचा रिले, म्हणजे वीज मिळाली की आपोआप जोड बदलणारा स्विच, टाकला. त्याच्या पायांवरचे आकडे सगळीकडे तेच असतात आणि बाबांना ते तोंडपाठ, आता खरे गुरू तेच होते. ८६ ला इग्निशनची वायर, पुढच्या फ्यूज बॉक्समधून ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकून. ८५ अर्थला. ३० बॉक्सच्या दाराच्या वायरीला. इग्निशन बंद असताना ३० ज्याला जोडलेला असतो तो ८७-ए आपल्या तीन जागांच्या स्विचच्या मधल्या पायाला. राहिला ८७, इग्निशन चालू झालं की ३० त्याला जोडला जातो, तो थेट रीड स्विचला.

हा शेवटचा जोड मला फार महत्त्वाचा वाटतो. ८७ अर्थला जोडला असता तर किल्ली फिरवताच पायरी आत गेली असती, वर कोणी उभं असलं तरी. रीड स्विचला जोडल्यामुळे किल्ली फिरली की आपला स्विच बाद होतो आणि पायरी पुन्हा दाराच्या ताब्यात जाते. दार लागलेलं असेल तर आत जाते, आई पायरीवर असेल आणि दार उघडं असेल तर थांबते. इंजिन सुरू झाल्यावर कंपनीची डी प्लसची व्यवस्था मात्र आहे तशीच आहे, ती दार बघत नाही. म्हणून दार लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आमच्याकडे कोणी इंजिन सुरू करत नाही.

रिलेच्या कॉइलला आडवा एक डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) टाकला, पट्टीची बाजू ८६ कडे, म्हणजे रिले सुटताना येणारा उलटा झटका बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत जात नाही. जोड सगळे लग दाबून केले आणि वर गरम केल्यावर आवळून बसणारी हीट श्रिंक नळी चढवली. गाडी हादरत असते, आणि सोल्डर केलेली वायर जोडाच्या कडेला कडक होऊन तुटते, हे बाबांनी एसटीत पुष्कळ पाहिलंय.

स्विच कुठे बसवायचा यावर आमची बरीच चर्चा झाली. माझ्या मनात तो ड्रायव्हरजवळ होता. बाबा म्हणाले, “ज्याला लागतो त्याच्या हाताला आला पाहिजे.” म्हणून तो दाराच्या आतल्या खांबावर, आई जमिनीवर उभी असली तरी तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर बसवला. दार उघडं असताना तिथे पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून त्याला रबरी टोपी आहे. बाबांनी तीन जागांना स्वतःच्या अक्षरात नावं लिहून दिली: ‘दारासोबत’, ‘बाहेरच’, ‘आतच’. ‘बाहेरच’ मधोमध आलंय. हाताला सवयीनं मधली जागा ‘नेहमीची’ वाटते, पण वायर मोकळी मिळते ती मध्येच, त्यामुळे ते बदलता येत नव्हतं.

मग पायरीवर कोणी नसताना तिन्ही जागा तपासल्या, दार उघडं ठेवून, दार लावून, किल्ली फिरवून, किल्ली काढून. शेवटी मोकळ्या पार्किंगमध्ये स्विच मुद्दाम ‘बाहेरच’वर ठेवून गाडी थोडी फिरवली आणि ब्रेक दाबून इंजिन आपोआप बंद होऊ दिलं. बाबा बाहेर उभे राहून पायरीकडे बघत होते. ती जागची हलली नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. स्विच ‘बाहेरच’वर ठेवून गाडी चालवली आणि पेट्रोल पंपावर किल्ली काढली, तर दार न उघडताही पायरी बाहेर येते. त्यामुळे निघण्याच्या आमच्या यादीत गॅस बंद, छताची खिडकी बंद, विजेची केबल काढली, यांच्या खाली ‘स्विच दारासोबत’ ही ओळ आली आहे. ती वाचण्याचं काम आईनं स्वतःकडे घेतलंय, आणि ती मोठ्यानं वाचते.

पायरीच्या सरकत्या भागांना ग्रीस लावू नका, त्यात चिखल आणि वाळू बसते. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते आधी पाण्यानं धुवायचं, सुकू द्यायचं आणि मग कोरडा सिलिकॉन स्प्रे मारायचा.

तुमच्या व्हॅनमध्ये हीच रचना असेल असं नाही. काही गाड्यांत रीड स्विच उलटा चालतो, दार उघडल्यावर जुळतो. तिथे ‘आतच’ आणि ‘बाहेरच’ची अदलाबदल होईल. दाराचा निरोप गाडीच्या कॅन डेटा लाइनवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या वायरींवरून, येत असेल तर तिथे वायर कापून काही साधणार नाही, ते काम जाणकाराकडेच द्या. आमचा नकाशा बाबांनी काढलेला आहे, रंग आणि आकड्यांसकट, आणि तो सीटखालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिक लावून चिकटवला आहे, म्हणजे पुढे कधी दुसरा मेकॅनिक तिथे बसला तर त्याला शोधत बसायला नको.