पॉइंट्सवर आईला बिझनेस क्लास

फाउंड्रीच्या कामानं माझं दिल्ली, फ्रँकफुर्ट असं जाणं-येणं चालू असतं. तिकीट कंपनी काढते, पण एअरलाइनचे पॉइंट्स प्रवास करणाऱ्याच्या खात्यात पडतात, आणि आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत बरेचजण ते तसेच बुडू देतात. बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला लंडनला न्यायचं ठरलं. तिचे गुडघे नऊ-दहा तास दुमडून बसण्याजोगे राहिलेले नाहीत. तेव्हा म्हटलं, आता हे पॉइंट्स काढायचे.

विमानतळावर काउंटरला गोड बोललं की वरच्या वर्गात बसवतात, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. पॉइंट्सच्या बाबतीत अर्धा निकाल तिकीट काढतानाच लागलेला असतो. प्रत्येक भाड्याला एक इंग्रजी अक्षर असतं. पूर्ण दराच्या इकॉनॉमीला सहसा वाय. सगळ्यात स्वस्त अक्षरांवर बहुतेक कंपन्या अपग्रेड, म्हणजे वरचा वर्ग, देतच नाहीत. बुकिंगच्या ॲपवर हे अक्षर सहसा दिसत नाही, म्हणून मी आधी एअरलाइनला फोन लावला, कुठल्या अक्षरावर अपग्रेड होतं ते विचारून घेतलं आणि तिकीट थेट त्यांच्याकडूनच काढलं. थोडं महाग पडलं. विमान त्याच कंपनीचं आहे ना, हेही बघून घ्यावं. फ्लाइटचा नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचं असलं की पॉइंट्स सहसा चालत नाहीत.

मग जागा. बिझनेसमध्ये खुर्च्या रिकाम्या दिसतात, पण त्या विकायच्या असतात. पॉइंट्सवाल्यांचा कोटा वेगळा, आणि तो कधी उघडेल याचा नेम नाही. आम्ही आठवड्याच्या मधल्या वारचं विमान धरलं आणि वेटिंगवर नाव टाकलं. पॉइंट्स माझे, प्रवास आईचा, म्हणून तिचं नाव खात्यात नातेवाईक म्हणून, पासपोर्टवर आहे अगदी तसंच, आधी नोंदवावं लागलं.

अपग्रेड कन्फर्म झालं आणि फोनवरच्या बाई म्हणाल्या, पीएनआर तोडावा लागेल. दोघांतल्या एकाचाच वर्ग बदलला की बुकिंग दोन होतात. त्यात व्हीलचेअरची विनंती गळू शकते, म्हणून ती आईच्या नव्या पीएनआरवर परत टाकून घेतली. व्हीलचेअरला पैसे लागत नाहीत, पण सांगावं लागतं. करातला फरक कार्डावरून भरताना आई शेजारी उभी होती.

"फुकटचं म्हणतोस आणि पैसे कसले भरालास?"

पॉइंट्समध्ये भाडं भागतं, कर नाही. आणि खरी मेख परतीला आहे. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानावर तिथलं सरकार प्रवासी कर घेतं, ब्रिटनला जाताना नाही. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात भारताच्या अंतराला तो इकॉनॉमीत ९० पौंड आणि वरच्या वर्गात २१६ होता. प्रीमियम इकॉनॉमीसुद्धा त्या २१६ मध्येच यायची.

बेळगाव-मुंबई हा तुकडा या सगळ्याच्या बाहेर राहिला. ते तिकीट वेगळं, तिथं १५ किलोची मर्यादा, आणि आईच्या बॅगेत कुंदा, मेतकूट, डिंकाच्या लाडवांचे डबे, बाळंतविडा. बिझनेसची मोठी बॅग मुंबईपासून पुढं चालणार, बेळगावच्या सांबरा विमानतळावर तिचा काय उपयोग? सरळ मिरजवरून जाणारी रात्रीची रेल्वे धरली.

विमानात आईला पुढं सोडून मी मागं आलो. "मी एकटी पुढं बसून काय करू?" हे तिचं घरापासून चालू होतं. खुर्ची आडवी करायचं बटण दाखवलं, शाकाहारी जेवणाची नोंद आहे ना ते एअर होस्टेसला विचारलं. पडदा ओढल्यावर मागच्यांना पुढं सोडत नाहीत. पुढच्यांना मागं यायला मात्र कोण अडवत नाही. अर्ध्या वाटेत आईच माझ्या खुर्चीपाशी हजर. "पाय पसरून झोपले बघ. आता तू जा थोडा वेळ, मी इथं बसते." असं चालत नाही म्हटल्यावर तिला पटेना.

परतीचं तिकीटही अपग्रेड होणाऱ्याच अक्षराचं होतं, पॉइंट्सही पुरत होते. बहिणीच्या घरी बसून आईला कराचा हिशेब सांगितला. १२६ पौंड जास्त. तिनं मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाली, "एवढ्यात बाळाच्या कमरेला चांदीची साखळी येते की रे." मग कडेची, पाय मोकळे करायला उठता येईल अशी इकॉनॉमीची जागा घेतली. साखळी बेळगावात शहापुरातल्या सोनाराकडून करायची ठरली आहे.