खोली १० किलोमीटर

दुपारी उमरेडच्या बाजूला २.७ रिश्टरचा भूकंप, खोली १० किलोमीटर, अशी नोंद संगणकाने आपणहून केली आणि मी आलेख उघडेपर्यंत ती नागपूरभर मोबाइलवर फिरूही लागली. ही १० किलोमीटरची खोली बहुतेक वेळा मोजलेली नसतेच. भूकंपमापन केंद्रे दूर असली की खोलीचे गणित सुटत नाही, म्हणून संगणक ती १० वर धरून पुढे जातो. बातम्यांत मात्र नेमकी तीच ठळक छापली जाते.

नागपूरच्या आलेखावर पी-तरंगाची, म्हणजे सर्वांत आधी पोहोचणाऱ्या लाटेची, सुरुवात ०.४ सेकंद उशिरा पकडली गेली होती. खुणेची रेघ मी हाताने मागे सरकवली, तेव्हा पी आणि त्यामागून येणाऱ्या एस तरंगांतले अंतर बरोबर ६ सेकंद झाले. त्याला ८ ने गुणले की धक्क्याचे केंद्रापासूनचे अंतर मिळते, सुमारे ४८ किलोमीटर. या त्रिज्येचे वर्तुळ इतर केंद्रांच्या वर्तुळांना जिथे छेदत होते, तिथे उघड्या कोळसा खाणींचा पट्टा आहे. काळ्या मातीवरच्या एका केंद्राने हादरा फुगवून दाखवला होता. ते वगळताच रिश्टरचा आकडा २.४ वर आला. हे प्रमाण लॉगरिथमचे (एक अंक वाढला की लाट दहापट) असल्यामुळे ०.३ चा फरक म्हणजे लाटेची उंची दुप्पट, हे फोनवर कोणाला समजावणार?

सुरुंगाचा धक्का जमिनीला चहूकडे बाहेर ढकलतो, त्यामुळे पहिली हालचाल सगळीकडे वरच्या दिशेने होते. भूकंपात ती काही ठिकाणी वर, तर काही ठिकाणी खाली असते. इथे तीन केंद्रांवर ती वर होती, एस-तरंग दुबळा होता आणि शेवटी उथळ स्फोटात दिसते तशी संथ पृष्ठलाट होती. मी ‘बहुधा सुरुंग’ असा शेरा लिहिला. खाणीच्या नोंदवहीत स्फोटाची वेळ अडीच होती, आमच्याकडे २ वाजून ४१ मिनिटे. “साहेब, आमचं घड्याळ भिंतीवरचं आहे,” असे पलीकडून उत्तर आले.

आमचे वरिष्ठ अशा वेळी २२ मे १९९७ च्या जबलपूरची आठवण काढतात: ५.८ चा भूकंप, तोही सुमारे ३५ किलोमीटर खोलीवरून. तो दाखला इथे गैरलागू आहे, असे मी त्यांना सांगितले. तरीही चौथ्या, गोंगाटाच्या केंद्राचा आलेख मी अजून मधूनमधून उघडतो. गोंगाट गाळणारा फिल्टर बदलला की त्यावरची पहिली हालचाल कधी वर दिसते, कधी खाली.