चौदाची संक्रांत, पंधराचं मतदान

शनिवार, १० जानेवारी २०२६

दुपारी जरा आडवा झालो होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात एका उमेदवाराची दोन पोरं, हातात मतदार चिठ्ठ्या. आईची, माझी, थोरल्याची आणि हिची. "वहिनी आहेत ना पंधराला?" म्हटलं, ती बडोद्याला असते. "मग बोलवून घ्या ना काका, एका दिवसाचा तर प्रश्न. चार मतं आहेत वहिनींची." आमच्या ठाण्यात, म्हणजे मुलुंडचा चेकनाका ओलांडला की, महापालिकेचा प्रभाग चार सदस्यांचा, त्यामुळे अ, ब, क, ड अशी चार बटणं एकाच माणसाने दाबायची. पोराचा हिशेब बरोबर होता. ही आली नाही तर त्याच्या पक्षाची चार मतं जाणार. आमच्या घरातलं कोण कुठे असतं आणि का, हे मात्र मी त्याला सांगत बसलो नाही.

चिठ्ठ्या फ्रिजवर लावल्या. तिथे धाकटीचा दिवाळीतला कागद अजून आहे, "बाबा माझा कंपास इथे राहिला, येताना आण". एकाही शब्दावर रेघ नाही. बडोद्याच्या शाळेत घातली तेव्हा तिला गुजरातीचा ओ की ठो येत नव्हता. तिकडे पहिली ते आठवी सगळ्याच शाळांना गुजराती सक्तीची, २०२३ साली तसा कायदाच झालाय. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रोज संध्याकाळी समोर बसवून गुजराती पेपरातले मथळे वाचून घेतले. आता ती भराभर वाचते, पण मराठीही गुजरातीसारखी बोडकीच लिहिते. आई येता-जाता फ्रिजसमोर थांबून म्हणते, "काय हे, पावसात भिजतील ना अक्षरं."

रविवार, ११ जानेवारी

आज परत एका नातेवाइकांचा फोन. "कसं काय जमवता हो तुम्ही?" त्या आवाजात एक ठरावीक कणव असते. मी ठरावीक उत्तर देतो, जमतं.

खरं सांगायचं तर अंतराचं कोणी एवढं मनावर घेऊ नये. मुंबई सेंट्रल ते बडोदा ३९२ किलोमीटर, आम्हाला बोरिवलीहून त्याहून कमी. सकाळी निघालं की दुपारचं जेवण तिकडे. कित्येक लोक रोज कर्जत-कसाऱ्याहून येऊन-जाऊन जेवढा वेळ गाडीत काढतात, तेवढाच. सासूबाई गेल्या आणि नाना दांडिया बाजारच्या घरात एकटे उरले. त्यांना ठाण्याला आणून पाहिलं. ते गॅलरीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या एकाही माणसाला ओळखत नव्हते. तिकडे न्हाव्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळे त्यांची वाट अडवून बोलतात. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत त्यांची खुर्ची जवळजवळ ठरलेली. सयाजीरावांनी १९१० मध्ये काढलेली ही लायब्ररी, मराठी पुस्तकं अजून भरपूर. शेवटी हिने बँकेत बदली मागून घेतली. धाकटी आईबरोबर गेली. थोरल्याचं कॉलेज इथे, माझी नोकरी इथे, आईचा जीव इथे. झालं, वाटणी अशी पडली. भांडणाने नाही, सोयीने.

जड जातं ते वेगळंच. दोन्ही घरांनी आपापले कायदे केलेत. इथे हिच्या मागे आईने स्वयंपाकघराची फेररचना केली. दिवाळीत ही आली तर मोहरीच्या डब्यात साबुदाणा. ही काही बोलली नाही, पण दोन दिवस प्रत्येक गोष्ट विचारून घेत होती, "आई, पळी कुठे असते?" स्वतःच्या लग्नानंतर स्वतः लावलेल्या मांडणीवर! आणि तिकडे मी जावई. बायको-मुलीच्या घरी जातो खरा, पण नाना खुर्चीतून उठतात, "या, बसा." मी चहाचा कप धुवायला घेतला की तिथल्या कामवाल्या बेन माझ्या हातातून ओढून घेतात. इकडे ठाण्यात मी रोज कुकर लावतो हे त्यांना सांगून पटत नाही.

सुरुवातीला मी दोन्ही घरं एकसारखी ठेवायच्या मागे लागलो होतो. तोच साबण, तीच चहा पावडर, मुलांना झोपायची तीच वेळ. आता सोडून दिलं. ही दोन घरं आहेत, एकाच घराच्या दोन खोल्या नव्हेत, आणि मला त्यात वावगं वाटेनासं झालंय. थोरला आता वरणात गूळ घातलेला चालवून घेत नाही, धाकटीला त्याशिवाय घशाखाली उतरत नाही. ठीक आहे.

मंगळवार, १३ जानेवारी, भोगी

आईने पहाटेच बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, तीळ लावून. भोगीची भाजी रात्रीच चिरून ठेवली होती. डबा भरताना म्हणाली, "उद्या एकादशी आली नेमकी." संक्रांत आणि षट्तिला एकादशी एकाच दिवशी. गुळाची पोळी करायची की नाही, केली तर कोणी खायची, यावर आमची सकाळ गेली. निकाल असा, पोळ्या होणार, नैवेद्य दाखवणार, थोरला खाणार, आई परवा खाणार. "पण परवा किंक्रांत." "खायला कसली आलीये किंक्रांत!" स्वतःच्याच शंकेला उत्तर देऊन ती भाकरीकडे वळली.

सामानात कोकम, भाजणी, गोडा मसाला, नानांसाठी दिवाळी अंक, हिच्या कपाटातून तिने फोनवर दाखवून काढून घेतलेली काळी साडी, आणि कंपास. येताना याच पिशवीतून लीलो चेवडो येतो. तो थोरला एका बैठकीत संपवतो आणि "थोडासाच होता" म्हणतो.

ऑफिसातून अर्ध्या दिवसाने निघालो. बोरिवलीला गाडीत चढलो तर डब्यात निम्म्या लोकांच्या हातात फिरक्या. सुरतेच्या आसपास अंधार पडता पडता बुलेट ट्रेनचे खांब दिसतात, शेतांतून सरळ चाललेले. तिची स्थानकं ठाण्यालाही आहेत आणि बडोद्यालाही, म्हणजे ५०८ किलोमीटरच्या त्या आखणीत आमची दोन्ही घरं बसली. फक्त ठाण्याचं स्थानक म्हातार्डीला, दिव्याकडे. नौपाड्यातून तिथे पोचायलाच किती वेळ लागेल, हा विषय वेगळा. नाना म्हणतात, ती सुरू होईल तेव्हा धाकटीची बदली करू ठाण्याला.

ही स्कूटर घेऊन स्टेशनवर आली होती. जीजे-०६ची पाटी. ठाण्याची गाडी इथे आणायचा विचार होता, पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की नंबर बदला, एनओसी आणा, कर भरा. त्यापेक्षा नवी घेतलेली बरी. हँडलवर उलट्या यू आकाराची एक सळई बसवलेली. मी हात लावून पाहिली. "मांजा गळ्याशी येऊ नये म्हणून," ही म्हणाली. "इथे सगळे बसवतात." तरी तिने ओढणी गळ्याभोवती दोन वेढे देऊन घेतली होती आणि मलाही मफलर वर ओढायला लावला. रस्त्याच्या कडेला अजून चरखे फिरत होते, गुलाबी रंगाने माखलेल्या हातांनी पोरं दोरी पाजत होती. मी मागे बसलो. इथे गाडी तीच चालवते, मला विचारतही नाही.

बुधवार, १४ जानेवारी

सकाळी सात वाजता गच्चीवर स्पीकर सुरू. नाना कानटोपी घालून खुर्चीत, मांडीवर पतंगांचा गठ्ठा, प्रत्येकाला किन्ना बांधून देतायत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांची गाठ माझ्यापेक्षा पक्की बसते. धाकटीच्या बोटांना आधीच चिकटपट्ट्या. मला फिरकी धरायचं काम. "बाबा, ढील! ढील सोडा ना!" मी सोडेपर्यंत पतंग गेला. शेजारच्या गच्चीवरून "काप्यो छे!" असा गजर झाला आणि त्यात माझी मुलगी पण ओरडली, आपलाच पतंग कापला गेला तरी. इथे ओरडायचं असतं, कोणाचा ते नंतर.

दुपारी उंधियू-जिलेबी. नानांनी डबा आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता, नाहीतर रांगेत तास जातो. मी म्हटलं, नाना, एकादशी आहे आज. "उत्तरायणाला एकादशी लागू होत नाही," म्हणाले आणि कंदाचा तुकडा वाढून घेतला. आईला हे कळवायचं नाही असं सर्वानुमते ठरलं. बडोद्याचे मराठी लोक हे एक प्रकरणच आहे. गणपती आपल्यासारखा, गौरी आपल्यासारख्या, पण संक्रांतीला हाडाचे गुजराती. गायकवाडांबरोबर येऊन पिढ्या गेल्या, आता त्यात वेगळं काढण्यासारखं काही उरलं नाही.

जेवणं झाल्यावर हिने विषय काढला. नोव्हेंबरात मतदार याद्यांच्या फेरतपासणीसाठी इथे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे कर्मचारी, घरी आले होते, नानांचा फॉर्म भरून घेतला. तेव्हाच त्यांनी हिला विचारलं, तुमचं नाव कुठे? ठाण्यात, म्हटल्यावर म्हणाले, राहता इथे तर पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरून नाव इकडे आणा, एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असतं. "भरू का?" हिने विचारलं.

मी लगेच हो म्हणायला हवं होतं असं काही नाही, पण लगेच म्हणवलंही नाही. बँकेचा पत्ता बदलला, गॅस वेगळा, विजेचं बिल वेगळं (आपल्याकडे महिन्याला, इथे दोन महिन्यांनी), स्कूटरची पाटी वेगळी. त्यातल्या कशानेच मला काही वाटलं नव्हतं. हे मात्र कुठेतरी लागलं. तिला ते दिसलं असावं. म्हणाली, "गटाराचं झाकण इथलं उघडं आहे, नानांच्या दारासमोर. तक्रार करायला गेले तर पहिला प्रश्न, मतदार आहात का? तुझ्या नगरसेवकाला मी काय सांगू, बडोद्याला येऊन झाकण लाव?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. म्हटलं, भर. मग तिने रहिवासाच्या पुराव्याला काय काय लागेल ते फोनवर काढलं. आम्ही दोघं चष्मे शोधत बसलो. माझा ठाण्यात राहिला होता, तिच्याने मला नीट दिसत नाही. धाकटीनेच वाचून दाखवलं.

रात्रीची गाडी. उलट दिशेला आज कोणी जात नाही, बर्थ सहज मिळाला.

गुरुवार, १५ जानेवारी

पहाटे बोरिवलीला उतरलो, घोडबंदरवरून बसने घरी. आंघोळ करून थोरल्याबरोबर केंद्रावर. त्याचं पहिलंच मतदान, म्हणून नवा शर्ट. चारही बटणं दाबल्याशिवाय काम पुरं होत नाही हे त्याने मला दोनदा समजावलं. बोटावर शाईऐवजी मार्करची रेघ ओढली, त्यावर बाहेर सगळे बडबडत होते की ही पुसते. याने घरी येऊन साबण लावून पाहिलाच.

बाहेर टेबलावर शनिवारचाच पोरगा, यादीत खुणा करत. "वहिनी?" मी मान हलवली. त्याने नावापुढे पेनाने बारीक फुली मारली. पुढच्या वेळी ते नाव त्याच्या यादीत नसेल, हे काही मी त्याला सांगितलं नाही.

दुपारी आईने कालची गुळाची पोळी तुपाबरोबर खाल्ली. उंधियूबद्दल तिने विचारलं. मी म्हटलं, छान होता, नानांनी बोलावलंय तुला.

रविवार, १८ जानेवारी

ते मी सहज बोललो होतो, आईने मनावर घेतलं. ही २५ तारखेला रथसप्तमीला तिकडे हळदीकुंकू करणार आहे, माहेरच्या घरात. आई म्हणते, मी येते. "सुनेच्या घरचं हळदीकुंकू मी अजून बघितलेलं नाही." आजवर तिने तिकडे कधी रात्र काढलेली नाही, सकाळी जाऊन संध्याकाळची गाडी पकडलेली. व्याह्यांच्या घरी राहायचं कसं, हा तिचा जुना प्रश्न. या वेळी 'सुनेचं घर' म्हणाली आणि प्रश्न आपोआप सुटला.

आता अडचण तिकिटांची. सोमवारी सव्वीस जानेवारी, लागून सुट्टी, त्यामुळे शनिवारच्या सगळ्या गाड्या वेटिंगला. थोरला लॅपटॉप घेऊन बसलाय. आईला खालचा बर्थ हवा म्हणून रात्रीच्या गाडीचं पाहतोय, ती म्हणते बसूनच जाऊ, झोपले तर नर्मदेचा पूल चुकेल. तिला पुलावरून नाणं टाकायचंय. वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत हे तिला कोणी सांगायचं, यावर आम्हा बापलेकांत सध्या खुणा चालू आहेत. स्वतःची उशी न्यायची का, हे हिला फोन करून विचारायचंय.