अ‍ॅडाला बर्फाची सवय होतीच ना?

आर्क्टिकमधल्या एका निर्जन बेटावर शेवटी एकटीने तग धरणाऱ्या अलास्काच्या अ‍ॅडा ब्लॅकजॅकची गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास विचारतं, "पण ती तर तिकडचीच ना? बर्फात राहायची सवय असणारच तिला!" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते: नव्हती. एवढं एक गृहीत धरलं की तिने केलेलं सगळंच पुसलं जातं, म्हणून मी या प्रश्नावर अडून बसते.

१८९८ साली अलास्कातल्या इनुपियाट या मूळनिवासी समाजात तिचा जन्म झाला, हे खरं. पण ती वाढली नोम गावात, मिशनऱ्यांच्या हाताखाली. शिवण, स्वयंपाक, इंग्रजी लिहिणं-वाचणं शिकली. शिकार तिला कुणी शिकवलीच नाही. पांढऱ्या अस्वलांची तर तिला भयंकर धास्ती. नवरा सोडून गेलेला, तीन मुलांतली दोन दगावलेली, उरलेल्या बेनेटला क्षय. उपचारांना पैसे नाहीत म्हणून त्याला अनाथाश्रमात ठेवावं लागलं. महिना ५० डॉलर मिळणार म्हणून १९२१ मध्ये ती चार तरुणांबरोबर शिवणकामाला सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावर गेली. आणखी इनुपियाट कुटुंबं येणार होती, ऐन वेळी कुणीच आलं नाही.

ही मोहीम आखणारा ध्रुवप्रदेशांचा संशोधक स्टेफान्सन स्वतः गेला नाही. शिधा दिला सहा महिन्यांचा. पुढचं शिकारीवर भागेल, असा त्याचा हिशेब. १९२२ मध्ये मदतीला निघालेलं जहाज बर्फामुळे पोचलंच नाही. जानेवारी १९२३ मध्ये तिघं जण मदत आणायला गोठलेल्या समुद्रावरून सायबेरियाकडे निघाले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

मागे राहिले अ‍ॅडा आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने) अंथरुणाला खिळलेला, चौघांतला उरलेला लॉर्न नाइट. सापळे लावायला ती तेव्हा शिकली, कोल्हे धरू लागली. लाकडं, पाणी, त्याची शुश्रूषा, सगळं तिच्याच अंगावर. दुखण्याने चिडलेला नाइट तिला घालूनपाडून बोलायचा. तिच्या डायरीत ते आहे. जूनमध्ये तो गेला. मृतदेह हलवायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने त्याला झोपायच्या पिशवीतच ठेवलं, जनावरं येऊ नयेत म्हणून भोवती खोकी रचली आणि स्वतः दुसऱ्या तंबूत राहायला गेली. अंथरुणाच्या वर बंदूक ठेवायची सोय केली. अस्वल लांबूनच दिसावं म्हणून मचाण बांधलं. नेम धरायला शिकली, पक्षी आणि सील मारू लागली. सोबतीला होती विक नावाची मांजर. असे जवळजवळ दोन महिने गेले, आणि ऑगस्टमध्ये जहाज आलं.

परतल्यावर ठरल्यापेक्षा कमी पैसे हाती पडले. वर नाइटला तिनेच मरू दिलं, असा आरोपही झाला. मला सर्वांत जास्त चीड याची येते. नाइटचे आईवडील मात्र तिला भेटले आणि तिच्या बाजूने उभे राहिले.

आता तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. सवय नव्हती, मग तग कशाच्या बळावर धरला? बेनेटकडे परत जायचं होतं. मिळालेल्या पैशांत तिने त्याला उपचारांसाठी सिअ‍ॅटलला नेलं. तो पुढे १९७२ पर्यंत जगला.